हिरव्या शाईची लबाडी

महाराष्ट्राच्या बाजारात सध्या एक फसवणूक दिवसाढवळ्या चालली आहे. तिच्यावर सरकारचा अंकुश नाही, पालिकांचे लक्ष नाही, विकणाऱ्याला लाज नाही आणि विकत घेणाऱ्याला अजून पुरेसा राग आलेला नाही. साबणाच्या वेष्टनावर हिरवे पान छापायचे, प्लास्टिकच्या बाटलीला मातकट रंग द्यायचा, खोक्यावर ‘निसर्गस्नेही’, ‘पृथ्वीचा मित्र’, ‘शंभर टक्के इको-फ्रेंडली’ असले शब्द ठोकून द्यायचे आणि तीच वस्तू चढ्या भावाने गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची, असा हा राजरोस धंदा आहे. दुधात पाणी घालणाऱ्याला आपण भेसळखोर म्हणतो आणि तो सापडला तर त्याच्यावर खटला भरतो. शब्दांत पाणी घालणाऱ्याला मात्र ‘जबाबदार उद्योजक’ म्हणून व्यासपीठावर बसवतो आणि शाल-श्रीफळ देतो. हा दुटप्पीपणा आता पुरे झाला.

आमचे म्हणणे सरळ आहे. जो आपल्या मालाला पर्यावरणपूरक म्हणतो, त्याने ते सिद्ध करावे. सिद्ध करता येत नसेल तर तो शब्द छापण्याचा त्याला काडीचाही अधिकार नाही. आणि तो सिद्ध करीत नाही तोवर गिऱ्हाइकाने दुकानात उभे राहून एकच प्रश्न विचारत राहावे: कशावरून?

सुरुवात पिशवीपासूनच करू, कारण या लबाडीचा सर्वांत धडधडीत नमुना तीच आहे. कोणत्याही शहरातल्या मंडईत, मिठाईवाल्याकडे, साडीच्या दुकानात आज एक मऊशी, रंगीत, धरायला कापडासारखी वाटणारी पिशवी मिळते. दुकानदार तिला बिनदिक्कत ‘कापडी पिशवी’ म्हणतो. ती हातात घेऊन उजेडात धरा. तिच्यावर बारीक ठिपक्यांची जाळी उमटलेली दिसेल. उभा-आडवा धागा कुठेही सापडणार नाही, कारण ती विणलेलीच नसते. कडेचा दोरा ओढायला गेलात तर बहुतेक वेळा दोराच नसतो. कडा उष्णतेने दाबून चिकटवलेल्या असतात. ही नॉन-वोव्हन पिशवी पॉलिप्रॉपिलीनची असते. पॉलिप्रॉपिलीन म्हणजे प्लास्टिक. बादली ज्याची, दोरखंड ज्याचा, त्याच कुळातले. चार-सहा वापरांत हिचे तंतू सुटू लागतात आणि ती उकिरड्यावर, नाल्यात, गुरांच्या पोटात पोहोचते. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली तेव्हा या पिशवीचे नाव बंदीच्या यादीत होते. पुढे केंद्राच्या नियमांनी चौरस मीटरला ६० ग्रॅम वजनाची अट घालून तिला वाट करून दिली, आणि आज वजनाचा काटा कोणाच्याच हातात नसल्यामुळे वाटेल तितकी पातळ पिशवी कापड म्हणून खपते आहे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण या पिशवीइतकी दुसऱ्या कशालाही शोभणार नाही.

यात मेले कोण? तर खरी कापडी पिशवी शिवणाऱ्या बायका. बंदी आली तेव्हा गावोगावच्या बचतगटांनी कर्जे काढून शिलाई यंत्रे घेतली. मांजरपाटाची पिशवी शिवायला कापड लागते, दोरा लागतो, माणसाचा वेळ लागतो. तिच्या शेजारी यंत्रातून धडाधड पडणारी प्लास्टिकची पिशवी ‘कापडी’ नावाने तिच्यापेक्षा कितीतरी स्वस्तात उभी राहिली, तर बचतगटाचा माल घेणार कोण? खोटा माल नुसता गिऱ्हाइकाला फसवत नाही, तो खऱ्या मालाला बाजारातून हुसकून लावतो. आमचा संताप आहे तो मुख्यतः यासाठी.

आता दुसरी पिशवी घ्या. ही पातळ, पांढुरकी किंवा पोपटी असते आणि तिच्यावर ‘मी प्लास्टिक नाही’ असे छापलेले असते. कंपोस्टेबल म्हणून ती मिरवते. आपल्या कॅरीबॅगांना आज १२० मायक्रॉन जाडीची अट आहे. ३१ डिसेंबर २०२२ पासून ती लागू आहे. पण कंपोस्टेबल पिशवीला जाडीची अट नाही. लबाडाला एवढी फट पुष्कळ झाली. साधी पातळ पिशवी घ्यायची, तिच्यावर हिरव्या शाईने तो एक शब्द छापायचा, की १२० मायक्रॉनच्या खालची बेकायदा पिशवी पवित्र झाली! वास्तविक नियम स्पष्ट आहे. अशा पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ या शब्दासोबत उत्पादकाचे नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक हवा, माल आयएस १७०८८ या मानकात बसलेला हवा आणि तो बाजारात आणण्याआधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घेतलेले हवे. पुढच्या वेळी भाजी घेताना ती पिशवी उलटसुलट करून क्रमांक शोधा. सापडला नाही, तर तुमच्या हातात काय आहे हे सांगायला शास्त्रज्ञाची गरज नाही.

आणि क्रमांक सापडला तरी गोष्ट तिथे संपत नाही. हे मानक ज्या कसोटीवर उभे आहे ती कसोटी सुमारे ५८ अंश तापमानाच्या औद्योगिक खतप्रकल्पातली आहे. तेवढी ऊब, तेवढा ओलावा आणि तेवढी हवा मिळाली तर माल सहा महिन्यांत विरतो. तुमच्या परसातल्या खड्ड्याला, गच्चीवरच्या कुंडीला किंवा मुठा-मिठीच्या पात्राला हे तापमान माहीत नाही. पालिकेची गाडी ती पिशवी उचलते आणि इतर कचऱ्याबरोबर डेपोवर नेऊन ओतते. म्हणजे पिशवी खरी, प्रमाणपत्र खरे, आणि तरीही तिने दिलेले वचन खोटे. ज्या शहरात असा प्रकल्प नाही, तिथे ही पिशवी ‘निसर्गात विरघळते’ असे सांगणे ही निव्वळ थाप आहे. नगरपालिकांनी आधी खतप्रकल्प दाखवावेत, मग नागरिकांना अशा पिशव्यांचे उपदेश करावेत.

चहाच्या टपरीवरचा कागदी कप हा या घराण्यातला तिसरा महाभाग. प्लास्टिकचा कप हद्दपार झाला म्हणून आपण समाधानाने कागदी कपातून चहा पिऊ लागलो. नुसत्या कागदात चहा टिकत नाही. आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो म्हणून तो गळत नाही. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० मध्ये तपासून दाखवले, की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटे राहिले तर त्यात सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लास्टिककण उतरतात. शिवाय कागद आणि प्लास्टिक एकमेकांना चिकटलेले असल्याने रद्दीवालाही तो कप घेत नाही. काचेचा पेला विसळून पुन्हा वापरणारा जुना टपरीवाला अडाणी ठरला आणि दिवसाला शेकडो कप गटाराकडे पाठवणारा ‘हायजिनिक’ आणि ‘इको’ ठरला.

गणेशोत्सवात तर या ढोंगाला उधाण येते. पेणच्या कार्यशाळांपासून उपनगरांतल्या मांडवांपर्यंत ‘इको-फ्रेंडली मूर्ती’ या पाट्या झळकतात. यातल्या कित्येक पाट्या खऱ्या असतात, कारण शाडूचे काम जिवापाड जपणारे मूर्तिकार आजही आहेत. परंतु त्याच पाटीखाली प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती नुसते ‘नैसर्गिक रंग’ सांगून विकली जाते. रंग निसर्गातले असतील; अंग जिप्समचे आहे त्याचे काय? शाडूची माती पाण्यात काही तासांत मऊ पडून बसते. पीओपी बसत नाही. ते विरघळवण्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेला अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत शोधून काढावी लागली आणि पालिकेला त्या भुकटीच्या पिशव्या भाविकांना वाटाव्या लागल्या. ९ जून २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती बनवण्यास आणि विकण्यास वाट दिली, पण न्यायालयाच्या परवानगीखेरीज नैसर्गिक पाण्यात त्यांचे विसर्जन करता येणार नाही, हेही बजावले. तेव्हा पीओपीची मूर्ती विकणाऱ्याने ती पीओपीची म्हणून विकावी. तो त्याचा व्यवसाय आहे, त्यावर आमचा येथे वाद नाही. शाडूच्या नावाने विकेल त्याला मात्र शाडूवाल्या कारागिराच्या पोटावर मारणारा चोर याखेरीज दुसरे नाव नाही. घेणाऱ्याने पावतीवर ‘शाडू माती’ असे लिहून मागावे. खरा मूर्तिकार आनंदाने लिहून देईल. जो का-कू करेल त्याच्या मांडवातून बाहेर पडावे.

लबाडीचे आणखी दोन-तीन प्रकार ओळखून ठेवण्यासारखे आहेत. पहिला म्हणजे कायद्याने जे करावेच लागते त्याची बढाई. फवाऱ्याच्या डब्यांवर ‘सीएफसीमुक्त’, ‘ओझोनस्नेही’ असे छापतात. भारताने सीएफसीचे उत्पादन दम्याच्या औषधी फवाऱ्यांचा अपवाद सोडून २००८ मध्येच थांबवले आहे. मग उरले कौतुक कशाचे? उद्या हे लोक पिठावर ‘विषमुक्त’ असे छापून दोन रुपये जास्त मागतील. दुसरा प्रकार बाणांच्या त्रिकोणाचा. प्लास्टिकच्या डब्याच्या तळाशी तीन बाणांचा त्रिकोण आणि आत एक आकडा असतो. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचे पेट, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ७ म्हणजे ‘इतर’. हा आकडा केवळ प्लास्टिकची जात सांगतो. डबा पुनर्वापरातून बनला आहे किंवा पुन्हा वापरात जाणार आहे, असे तो कुठेही म्हणत नाही. वेफर्सच्या चकचकीत पुड्यांवरही तो असतो, आणि त्या पुड्या भंगारवाला फुकटसुद्धा नेत नाही. तिसरा प्रकार एक बोट दाखवून अख्खा हात लपवण्याचा. खोका पुनर्वापराच्या कागदाचा, आत वस्तू तीच, प्लास्टिकची, आणि पाटी मात्र साऱ्या मालावर. ‘इको-फ्रेंडली’ दिसले की आधी विचारावे: काय इको-फ्रेंडली? वस्तू, वेष्टन, की नुसती जाहिरात?

कोणी म्हणेल, मग प्रमाणपत्रे कशासाठी आहेत? आहेत ना. त्यांचीही कुंडली मांडू. १९९१ मध्ये केंद्र सरकारने ‘इकोमार्क’ आणला. मातीचा घडा हे त्याचे चिन्ह. कल्पना उत्तम होती, चिन्ह त्याहून उत्तम होते. वाचकांनी आपल्या घरातल्या फडताळात शोधून पाहावे, घडा छापलेली किती पाकिटे सापडतात. तीस वर्षांहून अधिक काळ ही योजना ऐच्छिक राहिली, उद्योगांनी तिच्याकडे ढुंकून पाहिले नाही आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारला नवे इकोमार्क नियम काढावे लागले. ते नियमही ऐच्छिकच आहेत. म्हणजे ज्याला परीक्षेत बसायचे नाही त्याने बसू नये, पण उत्तीर्ण झाल्याचे पेढे मात्र खुशाल वाटावेत!

याच सरकारने दुसरीकडे काय केले ते पाहा. ऊर्जा दक्षता ब्युरोने २००६ मध्ये तारांकित लेबले आणली आणि फ्रीज, एसी यांसारख्या वस्तूंना पुढे ती सक्तीची केली. त्या लेबलावर तारे आहेत, पण त्याहून मोलाचा आहे तो वर्षाला किती युनिट वीज लागेल हा आकडा आणि लेबल कोणत्या मुदतीतले आहे ही नोंद. मुदत का पाहायची? कारण कसोटी मधूनमधून कडक होते. एसींच्या बाबतीत जुलै २०२२ मध्ये ती कडक झाली तेव्हा कालचा पाच ताऱ्यांचा एसी एका पायरीने खाली आला. सेलमध्ये जुना माल खपवणारा दुकानदार तारे दाखवतो, वर्ष दाखवत नाही. गिऱ्हाइकाने युनिट पाहावेत आणि वर्ष पाहावे. हे लेबल परिपूर्ण नसेल, पण खरा दावा कसा असतो याचा वस्तुपाठ त्यात आहे: मोजलेला आकडा, तारीख आणि जबाबदार यंत्रणेचे नाव. सक्ती केली की उद्योग मुकाट्याने ऐकतात, हेही त्यातून सिद्ध झाले. मग बाकीच्या मालाला ही मोकळीक कोणाच्या भल्यासाठी?

अन्नधान्याच्या बाबतीत ‘जैविक भारत’ हे चिन्ह आहे. ते नसलेले पाकीट ‘सेंद्रिय’ म्हणून दुप्पट भावाने घेणाऱ्याने निदान दुकानदाराला जाब विचारावा. पण चिन्ह आहे म्हणून डोळे मिटून घ्यावे, एवढा भाबडेपणाही परवडणारा नाही. सेंद्रिय कापडाचे जागतिक मानक सांभाळणाऱ्या जीओटीएस या संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केले, की भारतातला सुमारे २० हजार टन कापूस बनावट कागदांच्या आधारे सेंद्रिय ठरवला गेला. कागदांवरचा क्यूआर कोड तपासणाऱ्याला सरकारी संकेतस्थळाच्या हुबेहूब नकलेवर नेऊन सोडत होता! विदर्भात कीटकनाशकाची बाटली दूर ठेवून, पीक कमी घेऊन, प्रमाणपत्राच्या चकरा मारून खरोखर सेंद्रिय कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याने या बातमीचा अर्थ काय लावायचा? त्याच्या घामाला जो जादा भाव मिळायचा, तो कागद रंगवणाऱ्याने वाटेतच गिळला.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी पर्यावरणाच्या नावाने होणाऱ्या दिशाभुलीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘नैसर्गिक’, ‘कार्बन न्यूट्रल’ असले मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि खुलाशाशिवाय वापरू नयेत, दावा मालाच्या कोणत्या भागाबद्दल आहे ते सांगावे, पुरावा गिऱ्हाइकाला सहज पाहता यावा, हे सगळे त्यांत आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि पुन्हा तेच केले तर पन्नास लाखांपर्यंत. कागदावर पाहाल तर रामराज्य! पण त्याच तत्त्वांत सर्वसाधारण रंगसंगतीला आणि चित्रांना, त्यांतून थेट फसवणूक होत नसेल तर, सूट आहे. म्हणजे शब्दाला बंदी आणि पानाला मुभा. लबाड माणूस वाचता येणारे खोटे कशाला लिहील? तो हिरवा रंग फासेल, कोपऱ्यात एक वेल काढेल आणि बाकीचे खोटे गिऱ्हाइकाच्या मनाला बोलू देईल.

आणि कारवाई होते कोणावर? २०१८ च्या बंदीत पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड आहे. पालिकेचे पथक येते आणि कोथिंबिरीची जुडी विकणाऱ्या म्हातारीच्या टोपलीखालून पिशव्या उचलते. तिच्या चार दिवसांच्या कमाईहून मोठी पावती तिच्या हातात पडते. त्या पिशव्या कोणत्या कारखान्यात ओतल्या गेल्या, कोणत्या घाऊक पेठेतून आल्या, त्यांवर खोटा शब्द कोणी छापला, या प्रश्नांपाशी पथकाचे पाय अडखळतात. २६ जुलै २००५ च्या प्रलयात मुंबईची गटारे तुंबली, २००६ मध्ये कायदा झाला, २०१८ मध्ये बंदी आली, २०२२ मध्ये केंद्राची बंदी आली. इतक्या वर्षांत धाक बसला तो टोपलीवालीला. कारखानदार निवांत आहे.

मध्यमवर्गीय वाचकांनाही चार शब्द सुनावले पाहिजेत. खरेदी करून पृथ्वी वाचते, या गोड समजुतीवर हा सारा धंदा चालतो. संमेलनात मिळालेली एक, बँकेच्या वर्धापनदिनाची एक, लग्नातल्या आहेराची एक, अशा खऱ्याखुऱ्या सुती पिशव्यांची चळत ज्या घरात पडून आहे, त्या घराने नवी ‘इको’ पिशवी घेणे हा पर्यावरणाचा अपमान आहे. ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेने २०११ मध्ये मांडलेला हिशेब असा, की हवामानावरचा बोजा पाहता एक सुती पिशवी किमान १३१ वेळा वापरली, तरच ती एकदा वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीला मागे टाकते. कापसाला पाणी लागते, खत लागते, वीज लागते. तेव्हा सर्वांत पर्यावरणपूरक वस्तू बहुधा तुमच्या घरात आधीच आहे. ती झिजेपर्यंत वापरा, दुरुस्त करून वापरा. जुनी मोडीत काढून नवी ‘हिरवी’ आणा म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा.

आमच्या मागण्या तीन आहेत. पर्यावरणपूरक असल्याचा दावा छापण्यापूर्वी नोंदणी सक्तीची करा आणि तो क्रमांक दाव्याइतक्याच मोठ्या अक्षरांत छापायला लावा. हिरव्या रंगाला आणि पानाफुलांना दिलेली सूट काढून घ्या. आणि दंडाची पावती टोपलीपाशी फाडण्याआधी कारखान्याच्या फाटकापाशी फाडा. सरकारला हे जमत नसेल तर त्याने दर ५ जूनला झाडे लावतानाचे फोटो काढणे बंद करावे.

वाचकांनी सरकारची वाट पाहू नये. दुकानात विचारा: कशावरून? क्रमांक मागा, पावतीवर लिहून मागा, आणि उत्तर मिळाले नाही तर माल तिथेच ठेवून निघा. वेष्टनाचा फोटो काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. एकाच्या तक्रारीची फाइल होते, हजारांच्या तक्रारींची दखल घ्यावी लागते. ज्याचा माल खरा आहे तो या प्रश्नाने सुखावेल. ज्याचा खोटा आहे तो चिडेल, आणि त्याने चिडलेच पाहिजे.